मागावरचे मोजयंत्र: त्याची तपासणी कोण करणार?

यंत्रमागावर बसवायची एक छोटी डबी आता बाजारात आली आहे. मागाच्या शाफ्टवर लोहचुंबक, समोर सेन्सर आणि त्याला जोडलेली ही डबी. साध्या मागात शाफ्टचा एक फेरा म्हणजे धोट्याची एक फेक, म्हणजेच एक पीक. डबी पीक मोजते आणि तो आकडा वायफायवरून किंवा सिमकार्डावरून मालकाच्या मोबाईलवर पाठवते. सोय चांगली आहे, आमचा तिला विरोध नाही. पण ज्या आकड्यावर कारागिराची मजुरी ठरणार तो आकडा खरा की खोटा, हे कोणी तपासले?

दुकानातला तराजू आणि कापड मोजायची मीटरपट्टी वैध मापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावी लागते. मागावरची डबी मात्र आपण विकणाऱ्याच्या शब्दावर घेतो. हिशेब करून पाहा. इंचाला ५२ पीक असलेल्या कापडाच्या एका मीटरला सुमारे २,०५० पीक लागतात. एका पाळीत माग ६० हजार पीक चालला आणि डबीने शंभरात दोन सोडले, तर दिवसाला अर्ध्या मीटरहून जास्त कापड हिशेबातून गेले. सहा माग सांभाळणाऱ्या कारागिराचे २५ दिवसांत हेच सुमारे ८८ मीटर होते. एक-एक पीक कोणी बोटावर मोजत नाही, म्हणून ही तूट कोणाच्या लक्षातही येत नाही.

चूक लोखंडात नसते, चिपमध्ये भरलेल्या प्रोग्राममध्ये असते. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा प्रोग्राम लिहिणारा टेबलावर, पंख्याखाली, चालू विजेवर त्याची परीक्षा घेतो. आपल्या कारखान्यात मात्र वीज जाते, मोटार सुरू होताना झटका बसतो, कापसाची धूळ उडते आणि नेटवर्क तुटते. मिनिटाला १२० पीक चालणाऱ्या मागावर दोन पिकांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. त्याच्या आत आलेला दुसरा इशारा खोटा, हे प्रोग्रामला कळले नाही तर एकाचे दोन होतात. आकडा साठवायला लहान जागा ठेवली असेल, तर ६५,५३५ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे पहिली पाळी बरोबर दिसेल आणि दुसऱ्या पाळीत घोळ होईल. तासाभराच्या चाचणीत ही खोड कधीच पकडली जाणार नाही. प्रत्येक पीक चिपच्या पक्क्या स्मृतीत लिहीत गेल्यास तीही लवकर झिजते, कारण साधी फ्लॅश स्मृती लाखाच्या आसपासच वेळा पुसून लिहिता येते.

दूरवरून प्रोग्राम बदलण्याची सोयही दुधारी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट या अमेरिकन कंपनीने दुसऱ्या मॉडेलचा प्रोग्राम चुकून आपल्या कुलुपांवर पाठवला आणि सुमारे ५०० कुलुपे निकामी झाली. ती दूरवरून दुरुस्तही होईनात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते.

म्हणून व्यापारी व मागवाल्या बंधूंना आमची विनंती आहे की, पैसे देण्याआधी डबी एका मागावर सलग आठवडाभर चालवावी. मागाची वीज पन्नास वेळा बंद-चालू करून आकडा टिकतो का ते पाहावे. वायफाय दोन तास बंद ठेवून पुन्हा जोडावे आणि अडकलेला हिशेब एकदाच येतो की दोनदा, हे तपासावे. रोजचा आकडा घडी करताना मोजलेल्या मीटरशी ताडून पाहावा. प्रोग्राम बदलताना वीज गेली तर जुना प्रोग्राम शाबूत राहतो का, हेही विकणाऱ्याला विचारावे. चांगल्या डबीत दोन प्रोग्रामांची जागा असते. नवा चालला नाही तर जुना आपोआप सुरू होतो. या सर्व तपासण्या कारागिरासमोर कराव्यात आणि आकडा त्यालाही डबीवर दिसावा. मालकाच्या मोबाईलवरच दिसणारा आकडा हा एकतर्फी तराजू आहे.

यात आपल्या मुलांसाठी रोजगारही आहे. भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये किंवा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला प्रोग्राम येतो, पण माग माहीत नसतो. मागवाल्याच्या मुलाला माग ठाऊक असतो, पण प्रोग्राम येत नाही. ही दोन्ही मुले एकत्र बसली तर परगावच्या कंपनीकडे हात पसरावा लागणार नाही. ईएसपी-३२ सारखी वायफाय असलेली चिप काही शे रुपयांत मिळते. महाग आहे तो तपासणीला लागणारा सब्र.

माप कमी देणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये सूरह मुतफ्फिफीन ही एक पूर्ण सूरह आहे, हे आपल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. मोजणारा हात माणसाचा असो वा यंत्राचा, जबाबदारी ते यंत्र बसवणाऱ्याचीच आहे. उद्या हिशेब मागितला जाईल तेव्हा ‘डबी चुकली’ हे उत्तर चालणार नाही.