सुटे भाग असले, तरी कायद्याने ती बंदूकच

पांढरकवडा : टिपेश्वर अभयारण्यालगतच्या शिवारात रानडुकरांनी हाती आलेले पीक उद्‌ध्वस्त केले, की शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येणे स्वाभाविक आहे. मात्र रायफलीचे सुटे भाग घेऊन ते घरी जोडले, तर परवाना लागत नाही, हा समज घातक आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ ने अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याच्या सुट्या भागांचा समावेश केला आहे. त्यामुळे असा संच विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. विनापरवाना शस्त्रनिर्मितीस तर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. बंदुकीबाबत उदार असलेल्या अमेरिकेतही सहज जोडता येणारे संच बंदूकच मानण्याचा २०२२ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला.

पीकरक्षणासाठी कायद्याने मार्ग ठेवला आहे. पण तो ठासणीच्या बंदुकीचा. ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक मिळू शकते. रायफलीचा त्यात समावेश नाही. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार स्वतंत्र परवानगी लागते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच भागात वनखात्याच्या मोहिमेत मारल्या गेलेल्या ‘अवनी’ वाघिणीचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे विसरता येणार नाही.

सुट्या भागांच्या संचाने पीक वाचण्याची शाश्वती नाही, तुरुंगवासाची टांगती तलवार मात्र निश्चित. नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज हा मार्ग संथ असला, तरी तोच सुरक्षित आहे. तो वेगवान करणे ही शासनाची जबाबदारी ठरते.