करार दोघांचा, बंधन एकाचे

ब्रिटनमध्ये एप्रिल महिना उजाडला की घरोघरी वाढीव बिलांची रांग लागते. कौन्सिल टॅक्स आणि पाणीपट्टीच्या वाढीवर निदान वर्तमानपत्रांत आरडाओरडा तरी होतो. मोबाइलच्या बिलातील वाढ मात्र महिना दीड-दोन पौंडांची. चहाच्या एका कपाएवढ्या रकमेसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून आपण ती सोडून देतो. परंतु चालू करारात, ग्राहकाची संमती पुन्हा न विचारता, दरवर्षी होणारी ही वाढ दिसते तितकी किरकोळ नाही. तिच्या मागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातून आपल्या समाजाने घ्यावा असा धडाही आहे.

उणे तीनचे अधिक तीन

१९८४ च्या नोव्हेंबरात थॅचर सरकारने ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून अधिक भाग जनतेला विकले. सरकारी मक्तेदारी जाऊन खासगी मक्तेदारी येणार, ही भीती तेव्हाही होती. म्हणून परवान्यातच एक अट घालण्यात आली. किरकोळ किमतींचा निर्देशांक वर्षाला जितके टक्के वाढेल, त्यातून ३ वजा करून जे उरेल, तेवढीच सरासरी वाढ कंपनीने आपल्या मुख्य सेवांच्या दरांत करावी. प्रा. स्टीफन लिटलचाइल्ड यांनी सुचवलेल्या या सूत्रामागचा विचार साधा होता. यंत्रे सुधारतात तशी दूरध्वनी सेवा स्वस्त होत जाते, तेव्हा त्या बचतीतला वाटा ग्राहकालाही मिळाला पाहिजे.

पुढे १९८५ च्या जानेवारीत व्होडाफोन आणि सेलनेट यांची मोबाइल सेवा सुरू झाली. नव्वदीत आणखी कंपन्या आल्या. स्पर्धा आहे, आता दरांवर सरकारी अंकुश कशाला, असा विचार बळावला आणि मोबाइलच्या किरकोळ दरांचा प्रश्न बाजारावर सोडण्यात आला. काही काळ बाजाराने ते काम चोख बजावलेही. परंतु २०२०-२१ च्या सुमारास बड्या कंपन्यांच्या करारपत्रांत एक नवे कलम शिरले. दर वसंतात बिल ‘महागाईचा दर अधिक ३.९ टक्के’ या प्रमाणात वाढेल, असे ते कलम. १९८४ चे ‘उणे ३’ चाळीस वर्षांच्या आत ‘अधिक ३.९’ झाले! चिन्ह बदलले आणि त्याबरोबर ओझे कोणाच्या खांद्यावर, हेही बदलले.

महागाई दोन टक्क्यांच्या आसपास होती तोवर हे कलम कोणाच्या डोळ्यांत आले नाही. युक्रेनच्या युद्धानंतर भाव भडकले. डिसेंबर २०२२ चा ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाईचा दर १०.५ टक्के निघाला आणि २०२३ च्या वसंतात अनेकांच्या बिलांत १४.४ टक्के वाढ झाली. ओ-टूने तर याहून चढा राहणारा किरकोळ किमतींचा निर्देशांक धरला होता. तिच्या ग्राहकांना सेवेच्या भागावर १७.३ टक्के वाढ सोसावी लागली. ग्राहकाने सही केली तेव्हा हा आकडा त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. खुद्द कंपनीलाही तो ठाऊक नव्हता. पुढच्या वर्षीची महागाई नेमकी किती, हे बँक ऑफ इंग्लंडलाही खात्रीने सांगता येत नाही, तेथे लेस्टरच्या दुकानात सिम घेणाऱ्या माणसाने ते ओळखावे, अशी अपेक्षा होती.

नियम आला, पण कोणासाठी?

तक्रारींचा पूर चढल्यावर ऑफकॉम या नियामक संस्थेला जाग आली. जुलै २०२४ मध्ये तिने निर्णय जाहीर केला. १७ जानेवारी २०२५ पासून होणाऱ्या नव्या करारांत महागाईशी जोडलेली वा टक्केवारीतली वाढ चालणार नाही. वाढ करायची असेल तर ती किती आणि केव्हा, हे सही करतानाच पौंड-पेन्समध्ये सांगितले पाहिजे. ग्राहकाला न समजणारी कोडी बंद झाली, हे चांगलेच झाले. परंतु वाढ किती असावी, यावर नियमाने कोणतीही मर्यादा घातली नाही. कंपन्यांनी नेमकी हीच फट हेरली. व्होडाफोन आणि ओ-टू यांनी महिना १ पौंड ८० पेन्सची सरसकट वाढ ठरवली.

आता जरा आकडेमोड करून पाहू. डिसेंबर २०२४ चा महागाईचा दर २.५ टक्के होता. जुने सूत्र राहिले असते तर एप्रिल २०२५ ची वाढ ६.४ टक्के झाली असती. म्हणजे १० पौंडांच्या साध्या सिमवर ६४ पेन्स आणि नव्या कोऱ्या फोनसह घेतलेल्या ४० पौंडांच्या करारावर, सगळी रक्कम वाढीस पात्र धरल्यास, २ पौंड ५६ पेन्स. सरसकट १ पौंड ८० पेन्सच्या पद्धतीत ४० पौंडवाल्याचा फायदा झाला, त्याची वाढ साडेचार टक्क्यांवर आली. १० पौंडवाल्याची मात्र १८ टक्के झाली! २०२३ च्या त्या भीषण वर्षातसुद्धा १४.४ टक्क्यांनी त्याच्या बिलात १ पौंड ४४ पेन्सच वाढले असते. महागाई उतरली, नियम सुधारला आणि गरिबाचे बिल मात्र पूर्वीपेक्षा अधिक वाढले. हिशेब केला तर साधारण २८ पौंडांखालील बिले या बदलात तोट्यात गेली आणि त्यावरची फायद्यात राहिली.

हे अटळ होते असेही नाही. थ्री या कंपनीने त्याच सुमारास डेटाच्या मापानुसार वाढीच्या तीन पायऱ्या ठेवल्या आणि सर्वांत खालची पायरी १ पौंडाची ठेवली. म्हणजे लहान बिलाला लहान वाढ लावता येते. फक्त तशी इच्छा हवी.

१० पौंडांचे सिम कोण घेतो? फोन स्वतःचा, जुना पण चालणारा, आणि हात आखडता. शिकायला आलेला विद्यार्थी, पेन्शनीवरचे आजी-आजोबा, रात्रपाळी करणारा कामगार. घरात अशी चार सिमे असली तर महिना १ पौंड ८० पेन्सच्या वाढीने वर्षाला ८६ पौंड ४० पेन्स जादा जातात. तेही एका वर्षाच्या वाढीपायी. पुढच्या एप्रिलची वाढ तिच्यावर चढते.

ऑक्टोबर २०२५ चा धडा

नव्या नियमाला वर्षही पुरे झाले नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओ-टूने जाहीर केले की, पुढील एप्रिलची वाढ १ पौंड ८० ऐवजी २ पौंड ५० पेन्स राहील आणि १ पौंड ८० असे ज्यांना लिहून दिले होते त्यांनाही ती लागू होईल. १० पौंडांच्या सिमवर ही वाढ २५ टक्के होते. करारात लिहिलेला आकडा जर कंपनीला मधेच बदलता येत असेल, तर तो लिहून घेण्याला अर्थ काय? ऑफकॉमने नाराजी व्यक्त केली आणि हे नियमाच्या हेतूला धरून नाही, असे बजावले. तंत्रज्ञानमंत्री लिझ केंडल यांनी या मधल्या दरवाढीचा पुन्हा विचार करा, असे नियामकाला कळवले. परंतु नियम मोडला, असे कोणी म्हणू शकले नाही. कारण अटी बदलल्यास महिनाभर आधी कळवावे आणि ग्राहकाला दंडाविना बाहेर पडू द्यावे, एवढीच कायद्याची अपेक्षा आणि कंपनीने ती पुरी केली होती. फोनचे हप्ते उरले असतील तर ते मात्र फेडावेच लागणार. म्हणजे दार उघडे, पण पायात बेडी!

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. डेटाचा वापर दरवर्षी वाढतो आहे, फाइव्ह-जीचे मनोरे उभारायचे आहेत, वीज महागली आहे आणि सरकारने २०२० मध्ये दिलेल्या आदेशानुसार हुआवेची सामग्री २०२७ अखेर फाइव्ह-जी जाळ्यातून काढायची आहे. हे खर्च खरे आहेत. परंतु खर्च वाढणार हे ज्या धंद्याला दोन वर्षे आधी दिसते, त्याने तो पहिल्या दिवसाच्या किमतीत धरावा. दुकानाच्या काचेवर आकर्षक आकडा लावायचा आणि खरी किंमत एप्रिलमध्ये वसूल करायची, याला हिशेब म्हणत नाहीत. शिवाय ३१ मे २०२५ रोजी व्होडाफोन आणि थ्री एक झाल्यावर देशात स्वतःचे जाळे असलेल्या कंपन्या चारवरून तीन झाल्या. विलीनीकरणाला मंजुरी देताना ११ अब्ज पौंडांच्या गुंतवणुकीची आणि काही योजनांचे दर तीन वर्षे न वाढवण्याची अट घातली गेली, हे खरे. पण तीन वर्षांनंतर काय?

मायदेशी वेगळी तऱ्हा

आपल्यापैकी अनेकांच्या खिशात दुसरे सिम असते ते भारतातले. बँकेचा ओटीपी यावा म्हणून ते जिवंत ठेवावे लागते. तेथे बहुतेक ग्राहक प्रीपेडचे. कराराचे बंधन नाही, पण म्हणून सुटकाही नाही. ३ आणि ४ जुलै २०२४ या दोन दिवसांत जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी दर साधारण ११ ते २५ टक्के वाढवले. जिओची २३९ रुपयांची योजना २९९ ची झाली, एअरटेलची २८ दिवसांची १७९ रुपयांची योजना १९९ ची झाली. ट्राय तेथे दर ठरवत नाही, कंपन्यांना मोकळीक आहे. परंतु त्याच जुलैत लाखो ग्राहक बीएसएनएलकडे वळले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आदेश काढला की, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व एसएमएस यांचे स्वतंत्र पॅक ठेवावेत. गावी साधा फोन वापरणाऱ्या आईवडिलांचे रिचार्ज येथून करणाऱ्यांनी अशा पॅकची चौकशी जरूर करावी.

ग्राहकाने काय करावे?

येथे ब्रिटनमध्ये मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. डॉक्टरची वेळ, मुलांच्या शाळेचे निरोप, बँकेचा संकेतांक, सारे त्याच नंबरावर. बायोमेट्रिक कार्डांची जागा ई-व्हिसाने घेतल्यापासून राहण्याच्या हक्काचा पुरावा दाखवायलाही अनेकांना तोच नंबर लागतो. म्हणूनच नंबर जाईल या धास्तीने माणसे महाग करारात अडकून राहतात. ही धास्ती निराधार आहे. १ जुलै २०१९ पासून पी-ए-सी ही तीन इंग्रजी अक्षरे ६५०७५ या क्रमांकावर पाठवली की नंबर सोबत नेण्याचा संकेतांक आणि बाहेर पडण्यास किती पैसे लागतील, हे दोन्ही कळते. तो संकेतांक ३० दिवस चालतो. नव्या कंपनीला तो दिला की बदल एका कामाच्या दिवसात होतो. संकेतांक न घेता नुसता डायरेक्ट डेबिट बंद करणे मात्र अंगाशी येते. बाकी राहते आणि पतनोंदीवर डाग पडतो.

मनोरे तेच, बिल वेगळे, अशाही कंपन्या आहेत. गिफगॅफ ओ-टूच्या, स्मार्टी थ्रीच्या, तर लेबारा व्होडाफोनच्या जाळ्यावर चालते. महिन्यामहिन्याची योजना घेतली तर दर वाढताच दुसरीकडे जाता येते. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्यांसाठी काही कंपन्यांच्या सवलतीच्या योजना आहेत, पण त्या विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही तर स्वतंत्र तंटानिवारण संस्थेकडे विनामूल्य जाता येते.

तरीही सगळा भार ग्राहकाच्या चतुराईवर टाकणे योग्य नाही. ज्याला इंग्रजी पत्र नीट वाचता येत नाही, ज्याचे फोनचे हप्ते बाकी आहेत, तो कोठे जाणार? ठरलेल्या मुदतीत ठरलेली किंमत, आणि वाढ करायचीच तर बिलाच्या प्रमाणात व कमाल मर्यादेत, एवढी मागणी ऑफकॉमपुढे आणि आपापल्या खासदारापुढे मांडली पाहिजे. आपली मंडळे गणेशोत्सवाला शेकडो माणसे जमवतात. त्याच मंडपात एखादी दुपार बिले घेऊन बसावे, जाणत्यांनी इतरांची करारपत्रे वाचून द्यावीत आणि जो फसला आहे त्याच्या वतीने दोन ओळींचे पत्र लिहावे. एकटा ग्राहक गेल्याचे कंपनीला कळतही नाही. शंभर गेले तर मात्र तिला जुने सूत्र पुन्हा आठवू लागेल.