लॅपटॉप आला, पुढे काय?

परवा दुपारी शेजारच्या वहिनी आल्या, त्या शाळेची सूचना हातात घेऊनच. पुढच्या वर्षापासून सहावीच्या प्रत्येक मुलाने वर्गात स्वतःचा लॅपटॉप आणायचा म्हणे!

"काय करू हो? भिशीचे पैसे पाटल्यांसाठी ठेवले होते. पण नाही घेतला, तर आमचा धाकटा मागे पडेल ना?"

मी अर्धवेळ शिकवते, तेव्हा मला नक्की ठाऊक असणार असं त्यांना वाटलं. खरं सांगू का मैत्रिणींनो? आमच्या शाळेत लॅपटॉप आले, तेव्हा मीही हुरळले होते. पहिल्याच दिवशी पस्तीस मिनिटांच्या तासातली बारा मिनिटं यंत्रं वाटण्यात आणि पासवर्ड शोधण्यात गेली. पाच-सहा जणांची बॅटरी उतरलेली. उरलेल्या वेळात मुलं चित्रं रंगवत बसली आणि माझे अपूर्णांक फळ्यावरच राहिले! चूक मुलांची नव्हती. त्या यंत्रावर नेमकं काय शिकवायचं, हे मीच घरून ठरवून नेलं नव्हतं.

ही चूक माझ्या एकटीची नाही, मोठमोठ्या देशांनीही केली आहे. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप काढायचं ठरवलं. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. (हे आपल्याला काही नवीन नाही!) २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावातल्या लहानशा शाळेतही हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने तर ते लाखांनी वाटले. २०१२ साली तिथल्या ३१९ खेडेगावच्या शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुलं यंत्र सराईतपणे वापरू लागली होती. पण गणितात आणि भाषेत फरक पडला नव्हता. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांची तयारी अपुरी होती. स्वीडनसारख्या श्रीमंत देशानेही २०२३ साली शाळांतून छापील पुस्तकं वाढवायला वेगळे पैसे काढले.

म्हणजे लॅपटॉप टाकाऊच का? मुळीच नाही. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. आठवड्यातून एकच तास, दोघांत एक यंत्र आणि काम ठरलेलं: निबंध. खाडाखोडीच्या भीतीने वहीत चार ओळींपुढे न जाणारा एक मुलगा होता. पडद्यावर खोडलेलं दिसत नाही ना! त्याने तीन वेळा खोडून पानभर निबंध लिहिला, आणि मग आपणहून तो वहीत उतरवून काढला. अक्षर मोठं करून वाचता येतं, म्हणून नजर अधू असलेल्या मुलीलाही त्याचा फार उपयोग झाला.

तेव्हा पैसे भरण्याआधी शाळेत जाऊन एवढं विचारा. कोणत्या विषयाला, आठवड्यातून किती तास लॅपटॉप लागणार? शिक्षकांना त्याचं शिक्षण दिलं आहे का? वर्गात प्लग किती आहेत? बिघडला तर दुरुस्ती कोणाकडे? आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्या घराला परवडत नाही, त्या मुलाने काय करायचं? शाळेने स्वतःचे वीस-पंचवीस लॅपटॉप घेऊन वर्गांना आळीपाळीने दिले, तर पुष्कळ घरांचा खर्च वाचेल.

घेतलाच, तर रात्री दप्तर भरताना तो चार्ज करायला लावा. रोज पानभर हाताने लिहिणं मात्र सोडू देऊ नका. दहावीचा पेपर अजून हातानेच लिहायचा असतो.

वहिनींनी हे सगळे प्रश्न त्या सूचनेच्याच पाठीमागे लिहून घेतले. शनिवारी पालकसभेला त्या एकट्या गेल्या नाहीत; गल्लीतल्या आणखी चौघींना घेऊन गेल्या. मुख्याध्यापकांनी महिनाभराची मुदत दिली आहे आणि शाळेच्या खर्चाने काही यंत्रं घेता येतील का, ते पाहतो म्हणाले आहेत.

तोवर भिशीचे पैसे कपाटात आहेत. पाटल्या की लॅपटॉप, ते उत्तरं मिळाल्यावर ठरेल!