यजीदाचा कालवा आणि करबलाची तहान

मोहरमचा दहावा दिवस उजाडला की आमच्या क्षेत्राच्या गावी ताबूत निघत. देवळाच्या वाटेवरील आमच्या घराच्या ओट्यावर आजी त्या दिवशी पाण्याची घागर भरून ठेवी. सोवळे कडक पाळणारी ती बाई. पण मिरवणुकीतील कोणी तहानलेला दारावरून परत जाऊ नये, असा तिचा कटाक्ष असे. "लेकरे पाण्यावाचून गेली, त्यांची ही आठवण," एवढेच ती सांगे. कोणाची लेकरे आणि पाणी कोणी अडविले, हे मला पुढे ग्रंथांतून कळले.

इ. स. 661 मध्ये पैगंबरांचे नातू हसन यांनी खिलाफतीवरील हक्क सोडला आणि दमास्कस येथे मुआवियाची सत्ता स्थिर झाली. मुआविया कुशल मुत्सद्दी होता. परंतु त्याने आपल्या हयातीतच पुत्र यजीद याच्यासाठी निष्ठेच्या शपथा घेवविल्या. धर्मसमुदायाचे नेतृत्व घराण्याची मिरास व्हावी, हे अनेकांना रुचले नाही. येथे महाभारताच्या वाचकास धृतराष्ट्राचे स्मरण झाल्याविना राहणार नाही. 680 मध्ये यजीद गादीवर आला. हसनांचे बंधू हुसेन यांनी शपथ नाकारली. कूफा नगराने त्यांना बोलावले आणि संकटसमयी पाठ फिरविली. बसऱ्याचा सुभेदार उबैदुल्ला याच्याकडे यजीदाने कूफाही सोपविले होते. त्याच्या सैन्याने हुसेनांचा मार्ग रोखला, फरात नदीचे पाणी तोडले आणि 10 ऑक्टोबर 680 रोजी करबलाच्या मैदानात परंपरेनुसार बहात्तर जणांचा संहार केला. हुसेनही त्यांतच पडले.

या पातकाचा धनी कोण, हा वाद तेव्हापासून चालू आहे. यजीदाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, तो तर दूर दमास्कसला होता; वार्ता ऐकून तो रडला, त्याने सुभेदाराला दोष दिला आणि बंदिवान स्त्रियांना मानाने मदिनेस पोहोचविले. दुसऱ्या वृत्तांतांनुसार त्याने हुसेनांच्या मस्तकाची छडीने विटंबना केली. शिया पंथाच्या मनात त्याच्या अपराधाविषयी शंकाच नाही. सुन्नी आचार्यांत मात्र मतभेद झाले. गझाली यांनी, हत्येची आज्ञा त्यानेच दिली असे निश्चित ठरत नाही म्हणून, शाप देण्यास मनाई केली. बगदादच्या इब्न अल्‌-जौझी यांनी त्याच्या निषेधार्थ स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इब्न तैमिया यांनी, प्रेमही नको आणि शापही नको, असा मध्यम मार्ग सांगितला.

याच यजीदाची आणखी एक खूण दमास्कसमध्ये आहे. बरदा नदीचे पाणी कासियून डोंगराच्या पायथ्याने नेण्यासाठी त्याने कालवा मोठा करविला. तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. राजधानीच्या बागांना ज्याने पाणी पाजले, त्याच्याच राज्यात पैगंबरांच्या नातवंडा-पतवंडांच्या ओठी पाण्याचा थेंब पडू नये, हा केवढा विपर्यास! कालवा खोटा नव्हता. पण कालव्याच्या पाण्याने करबला धुऊन निघत नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, की प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा वाटा मिळतो आणि रक्षण न करणाऱ्याच्या माथी तिच्या पापाचाही सहावा वाटा येतो. 'मी तेथे नव्हतो' ही सबब राजाला नाही. यजीदाने अश्रू ढाळले असतील, आम्ही ते नाकारीत नाही. परंतु उबैदुल्ला आपल्या पदावर तसाच राहिला! ज्या कृत्याचा खेद होतो, त्याच्या कर्त्याला अधिकारावर ठेवता येते काय? 683 मध्ये त्याच्याच फौजेने मदिना लुटली आणि मक्केला वेढा दिला. त्या वेढ्यात काबाही जळाला. एक प्रसंग चुकीने घडला म्हणावा, तर हे काय होते? त्याच वर्षी यजीद मरण पावला. पुत्र दुसरा मुआविया गादीवर काही महिनेच टिकला आणि राज्य कुळाच्या दुसऱ्या शाखेकडे गेले. ज्या पुत्रमोहासाठी एवढा अनर्थ झाला, त्याचे फळ चार वर्षांत गळून पडले.

आम्ही कीर्तनकार दुर्योधनाला काळा रंग फासतो आणि श्रोते संतोषाने घरी जातात. दुर्जन दूरदेशीचा असला, की अधिकच सोपे! पण वाचकहो, आपल्या हाताखालच्या माणसाने अन्याय केला असता केवळ हळहळून त्याला तसाच ठेवणारे घरोघरी, संस्थासंस्थांत आहेत. आमच्या देवळांच्या पंचमंडळांतही आहेत. यजीदाला शाप द्यावा की नाही, हे त्या धर्माच्या आचार्यांनी ठरवावे. आपण आपल्या अधिकाराचा हिशेब पाहावा आणि ताबुताच्या दिवशी ओट्यावर घागर भरून ठेवावी. आजीला इतिहास ठाऊक नव्हता. पण धर्म ठाऊक होता.