सोबतीला नातवंड असेल तर…

आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्याचे काम हल्ली अनेक घरांत नातवंडांकडे आले आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्यात, सुनेला रजा मिळत नाही. मग बारावीतला नातू आजीला घेऊन बीड, परभणी वा हिंगोलीहून आपल्या शहरात येतो. घाटीत किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात तपासण्या दोन-तीन दिवस लांबतात, आजीला दाखल करून घेतले जाते. स्त्रियांच्या कक्षात रात्री पुरुष नातेवाइकाला सहसा थांबता येत नाही. मग नातवाने झोपायचे कुठे?

बसस्थानकाजवळच्या लॉजवर तो एकटा गेला, की व्यवस्थापक आधार कार्ड पाहतो आणि 18 वर्षे पूर्ण नसल्यास खोली नाकारतो. यात आकस नसतो. भारतीय सज्ञानता कायदा, 1875 नुसार 18 व्या वर्षी सज्ञानता येते आणि करार कायदा, 1872 च्या कलम 11 नुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. खोली भाड्याने घेणे हाही करारच. सज्ञान तरुणांना कायद्याची आडकाठी नाही. तरीही काही लॉजचालक एकट्या मुलीला खोली देण्यास कचरतात.

डॉक्टर म्हणून मला याची काळजी वाटते, कारण रात्रभर फलाटावर जागलेल्या मुलाकडूनच सकाळी आपण इन्सुलिनची मात्रा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीची वेळ लक्षात ठेवण्याची अपेक्षा करतो. सोबत्याची झोप हाही रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे.

म्हणून निघण्यापूर्वी थोडी तयारी करावी.

• लॉजला आधीच दूरध्वनी करून नातवंडाचे वय स्पष्ट सांगावे. 'रुग्ण दाखल झाल्यावर हा एकटा राहू शकेल का? पालकांचे संमतिपत्र चालेल का?' हे विचारावे.

• सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ असावीत. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते बहुधा चालत नाही. दुसऱ्याचे कार्ड दाखवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

• निदान पहिल्या रात्रीपुरते तरी काका, मावशी किंवा शेजारी असे कोणी सज्ञान माणूस सोबत घ्यावे.

• ते जमत नसल्यास शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना दिवसाउजेडीच भेटून निवाऱ्याची चौकशी करावी. रात्री दहाला ही खिडकी उघडी नसते.

वयाची हीच अट शस्त्रक्रियेच्या वेळीही आड येते. रुग्ण शुद्धीवर व समजत्या स्थितीत असेल, तर संमती त्याने स्वतःच द्यायची असते. तो असमर्थ असेल, तर सही सज्ञान नातेवाइकाचीच लागते; सतरा वर्षांच्या नातवाची चालत नाही. अशा नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावा.

नातवंडाने हात धरला आहे, हे आपले भाग्यच. मात्र त्याच्या रात्रीच्या निवाऱ्याची सोय आपण घरातून निघण्यापूर्वीच करायला हवी.