“आधी शिकू दे, मग चांगली घेऊ”

मुडबीच्या आठवणी म्हटलं की आपण वाडा, जत्रा, हुरडा लिहितो. मी आज भांडायला आलोय. कुणाशी? आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांशी, आणि त्याआधी स्वतःशी.

१९८९ सालची गोष्ट. माझी बदली गुलबर्ग्याला होती. मुलगा चौदा वर्षांचा, त्याला गिटार पाहिजे होती. मी बी.कॉम., त्यात बँकेतला. लगेच हिशेब मांडला : नाद टिकेल की नाही ठाऊक नाही, तर भांडवल कमी गुंतवा. हैदराबादला गेलो तेव्हा दुकानातली सगळ्यात स्वस्त गिटार उचलून आणली. पोरानं सहा महिने बोटं सोलून घेतली, सूर काही लागेना. मी म्हणालो, “तुझ्यानं व्हायचं नाही बाबा, अभ्यासाला लाग.” तो लागला. आज इंजिनिअर आहे. गिटार मुडबीच्या घरात माळ्यावर गेली.

मागच्या दिवाळीत नातीनं तोच हट्ट धरला आणि माझ्या तोंडून तेच आलं, “आधी शिकू दे, मग चांगली घेऊ.” मुलगा एवढंच बोलला, “अण्णा, ह्या वेळी तरी आधी ऐकून बघा.”

म्हणून पुण्यात दुकानात गेलो. नातीचे गिटारचे सर बरोबर होते. दहा ते पंचवीस हजारांच्या आतल्या तीन गिटारी काढायला लावल्या. आमच्याकडं भजनाची पेटी घेताना जाणता माणूस डोळे मिटून बसायचा, तसा मी पाठ करून बसलो. सरांनी तिन्हींवर एकच चाल वाजवली.

पहिली निळी, चकचकीत, आत पिकअप बसवलेला. वरची फळी मात्र प्लायची. आवाज मोठा, पण टाळी वाजवल्यासारखा. आला आणि विझला. दुसरी यामाहाची एफजी ८००, वरची फळी अखंड स्प्रूस लाकडाची. सहा तारा एकदम छेडल्या तरी प्रत्येक तार सुटी ऐकू येत होती आणि स्वर रेंगाळत होता. तिसरी फेंडरची सीडी-६० एस, वरची फळी अखंड महोगनीची. हिचा आवाज जरा दबका, पण ऊबदार. गाणाऱ्याच्या गळ्याला मागून आधार देणारा.

कारण साधं आहे. सतारीला जशी तबली, तशी गिटारला ही वरची फळी. तार हलते, पण बोलते फळी. प्लाय म्हणजे आडवे-उभे पापुद्रे डिंकानं चिकटवलेले. मजबूत असतं, पण मोकळं थरथरत नाही. या किमतीत मागची आणि बाजूची फळी बहुधा प्लायचीच असते, त्याचं एवढं बिघडत नाही. वरची अखंड आहे का, तेवढं विचारा. घरात बसून वाजवणाऱ्या पोराला पिकअप कशाला? तो पैसा फळीत जाऊ दे.

दुसरी बाजूही सांगतो. अखंड फळी आपल्या बिदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्यात सुकून तडकू शकते. तिला पेटीत झाकून ठेवावं लागतं. प्लाय उन्हाळा सोसतं. आणि तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर अखंड फळीसुद्धा कामाची नाही. बाराव्या पडद्यावर तार अडीच मिलीमीटरच्या आसपास असावी. पट्टी लावून मोजा, लाजू नका.

नातीनं महोगनीची निवडली. मुडबीला आलो तेव्हा सरही दोन दिवस आले होते. जुनी गिटार माळ्यावरून काढली. सरांनी पट्टी लावली : सहा मिलीमीटर. म्हणाले, “काका, ही तर मलासुद्धा वाजवता येणार नाही.” मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही. मीही नाही. पस्तीस वर्षं मी त्याला नापास धरलं होतं. नापास गिटार होती, आणि तिची निवड माझी होती.

आता सांगा, चौदा वर्षांच्या पोराला वीस हजारांचा मोबाईल देताना कुणी म्हणतं का, आधी शिकू दे? लग्नाच्या मांडवावर लाख उडवताना? वाद्याच्या वेळीच आपल्याला काटकसर सुचते. हिशेबानंही ती चूक आहे. चांगली गिटार नको झाली तर बऱ्या किमतीला विकता येते. स्वस्तातली माळ्यावर जाते, आणि तिच्याबरोबर पोराची हौसही.

कुणी म्हणेल, परकं वाद्य. अहो, पेटीसुद्धा युरोपातूनच आली. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दारात उभं केलं नाही. आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. आणि गिटारींच्या पाठीला जगभर जे शिसव लावतात, ते आपल्या कर्नाटकातल्या जंगलातलंही असतं.

सगळ्यात महाग घ्या असं मी म्हणत नाही. मधल्या किमतीची घ्या, पण रंग बघून नको, कानानं घ्या. पोर टिकलं नाही तर नाही टिकलं. निदान ते त्याच्यामुळं असू दे, आपल्या कंजूषपणामुळं नको.

नात रोज संध्याकाळी वाजवते. हल्ली तिचा बाप शेजारी बसतो. परवा त्यानं हळूच गिटार मांडीवर घेतली. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.