समुद्राचा मासा मुळशीच्या घरात

‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट 2003 साली आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा मुलांच्या ओळखीचा झाला. पौड-पिरंगुटकडच्या आपल्या वस्त्यांतूनही काचेच्या पेटीचा हट्ट धरला जातो. हौसेला आमचा विरोध नाही. सुंदर वस्तू बंगल्यातच शोभते असे आम्ही मानत नाही.

पण वाचकहो, याला समुद्राचे पाणी लागते. लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार, म्हणजे शंभर लिटरच्या पेटीला साडेतीन किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, खास सागरी मीठ विकत घ्यावे लागते. पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी. पेटी भरली की लगेच मासा सोडू नये. त्याच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. काढलेले खारे पाणी भातखाचरात ओतू नका, जमीन खराब होईल.

खरी अडचण विजेची. पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो, आणि मुळशीच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. (1921 च्या सत्याग्रहाला न जुमानता विजेसाठीच इथली गावे बुडवली गेली!) बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ हवाच. थंडीत पाणी 25 अंशांखाली जाऊ नये म्हणून हीटरही लागतो.

मासा कुठून आला, हेही दुकानदाराला विचारा. क्लाउनची पैदास तमिळनाडूत मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्रात झाली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच्या महिलांनीही तो वाढवण्याचे शिक्षण घेतले. निळा टँग मात्र बहुतेक वेळा प्रवाळातून धरून आणलेला असतो. फिलिपिन्स-इंडोनेशियात त्यासाठी पाण्यात सायनाइडही फवारले गेले आहे. भगवान बुद्धांनी उपासकाला जिवंत प्राण्यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. विकणाऱ्याला दोष देताना गिऱ्हाइकाने स्वतःला वगळू नये, असे आमचे मत आहे.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी गोड्या पाण्यातले गप्पी पाळावेत. पोरांना त्यांचाही लळा लागतो. क्लाउन नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. शाळकरी पोराने आणलेला मासा तो नोकरीला लागेपर्यंत कोणी सांभाळायचा, ते आधी घरात बसून ठरवा. बहुधा ते काम आईच्याच गळ्यात पडते, तेव्हा तिलाही विचारा.